सरळ झालेली बस

मी परदेशात, स्कोफिल्ड्सला मुलाकडे राहायला आले तेव्हा घरासमोर मोकळं रान होतं आणि बस तासाला एक. मग रानात घरं उठली, घरापुढे दोन-दोन गाड्या आल्या, जवळच मेट्रो आली. बस मात्र तशीच राहिली. लग्नाची आमंत्रणं द्यायला निघाल्यासारखी प्रत्येक गल्लीत वळायची.

माझा मुलगा बसचे मार्ग आखणाऱ्या ऑफिसात आहे. ही बस त्याच्या डोळ्यांत खुपायची.

मला ती सोयीची होती. दोन स्टॉप पुढे ठाण्याची एक बाई चढायची, माझ्याच वयाची, माझ्यासारखीच मुलाकडे आलेली. तिचा गुडघा पार कामातून गेलेला, पण स्टॉप तिच्या फाटकाशीच. दर मंगळवारी आम्ही बसने स्टेशन गाठायचो आणि ट्रेनने पेंडल हिलला, आपल्याकडच्या भाजीच्या दुकानांत जायचो. मेथी, कढीपत्ता घ्यायचा आणि बाकावर बसून आपापल्या सुनांचा समाचार घ्यायचा. नवरा गेल्यानंतर माझ्याशी निवांत बोलणारी ती एकच होती.

मग ऑफिसने नवा मार्ग सुचवला. बस फक्त मोठ्या रस्त्याने, सरळ जाणार, पण दर पंधरा मिनिटांनी. हरकत असेल तर कळवा, अशी नोटीस प्रत्येक स्टॉपवर लागली.

"आई, तू पण फीडबॅक दे ना," मुलगा जेवताना म्हणाला. "ऑनलाइन आहे, मी लावून देतो."

"छान केलंयस की," मी म्हटलं. फाटकाशी स्टॉप नसेल तर ठाण्याची बाई येणार कशी? पण पोराचं पहिलं मोठं काम, त्यात आईनेच खोट काढायची? माझी सगळी भिस्त ठाण्याच्या बाईवर होती. ती तोंडाची फटकळ. ती लिहिणार, आणि चांगलं खरमरीत लिहिणार.

नवी बस सुरू झाल्यावर पहिल्या मंगळवारी मी चढ चढून मोठ्या रस्त्यावर गेले. बसमागून बस गेली, ठाण्याची बाई काही आली नाही. शेवटी फोन केला.

"अगं, हा चढ मला नाही जमायचा," ती म्हणाली. "सून म्हणतेय, भाजी ऑनलाइन मागवू."

"तू लिहिलंस ना त्यांना?"

"मी कशी लिहू? तुझ्या मुलाचं काम ते. उद्या त्याच्या नोकरीवर काही आलं म्हणजे? मला वाटलं, तू घरातल्या घरात सांगशील."

मला राग यायला हवा होता, निदान रडू तरी. काहीच आलं नाही. घरी येऊन कुकर लावला.

रात्री मुलगा खुशीत होता. "आई, आपल्या हाउसिंग एस्टेटमधून एकही ऑब्जेक्शन नाही! म्हणजे आतले स्टॉप्स कोणाला नकोच होते."

"असेल," मी म्हटलं आणि त्याला भात वाढला.

"आज मंगळवार ना? गेली होतीस पेंडल हिलला?"

"गेले होते," मी म्हटलं. "बस अगदी वेळेवर आली."