फ्रान्सचा पिअर, मुक्काम पिंपळनेर

पिअरने पॅरिसमध्ये सात शर्यती जिंकल्या, असं मी भोंग्यावर सांगायचो. यावलच्या बाजारात त्या नऊ झाल्या. माझ्या गावी, पाचोऱ्याला, मी त्याला एक नटी बायकोही करून दिली. भोंगा माझ्या हातात होता आणि फुशारकीला काय जकात लागते? आमचा खेळ मौत का कुआँचा, म्हणजे फळ्यांची उभी विहीर. लोक वरच्या कठड्याशी उभे राहतात आणि फटफटीवाला आत भिंतीवर आडवा होऊन गरगरतो. आपला माणूस मरायला निघाला तर लोक चार आणे काढताना कुरकुरतात, साहेब मरायला निघाला तर रांग लावतात.

पिअर पिंपळनेरचा भटू होता. विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा, फटफटीवर हात सोडून बसायचा. मिसरूड फुटायच्या वयात त्याच्या ओठाशी पांढरा डाग उठला आणि काही वर्षांत कोड अंगभर पसरलं. सावळा भटू नखशिखांत गोरा झाला. कोड कुणाला लागत नाही, हे डॉक्टर सांगून थकले. पण आपल्याकडे माणूस औषध डॉक्टरकडून घेतो आणि अक्कल शेजाऱ्याकडून.

त्याची धाकटी बहीण मंदा लग्नाची झाली होती. पाहुणे यायचे, पोहे खायचे आणि ओट्यावर भटू दिसला की चहा न घेता उठायचे. "घरमा डाग शे," एवढंच म्हणायचे. तिसरं स्थळ मोडलं तेव्हा भटू काम शोधायला म्हणून सुरतेला गेला. मागे त्याच्याच सांगण्यावरून आईने, पार्वताबाईने, गावात उठवलं की पोरगा तापीत बुडाला. जिवंत मुलाचा दहावा घातला त्या माउलीने, आणि मंदालासुद्धा खरं सांगितलं नाही. पुढच्याच वर्षी मंदाचं लग्न धुळ्याच्या एका खात्यापित्या घरात झालं. मध्यस्थाने भावाचं नावच काढलं नाही.

सुरतेला आमच्या मालकांनी, ज्ञानचंदशेठनी, भटूला पाहिलं आणि त्याचा फ्रेंच ड्रायव्हर केला. डोळ्यांना काळा चष्मा, डोक्याला चामडी टोपी, तोंडाला कुलूप. लोकांसमोर एक शब्द बोलायचा नाही. खेळ संपला की माणसं त्याच्याशी हात मिळवायला धावत. भटूच्या हातचं पाणी ज्यांनी ओतून दिलं असतं, ते पिअरच्या हाताखाली पोरांची डोकी धरत. मला तेव्हाही संताप यायचा, आजही येतो. भटू मात्र तंबूत आल्यावर हसायचा. "लीलाधर, आज मी कोठे जिकनू रे?" असं विचारायचा आणि मी सांगेन ते शहर नीट पाठ करायचा.

फक्त धुळ्याला तो यायचा नाही. चैत्रात पांझरेच्या काठी एकवीरा देवीची जत्रा भरे, आणि दर चैत्रात भटूला ताप येई. मंदाबाईची सासू वच्छलाबाई किती कडक, हे त्याने कुठून कुठून ऐकलं होतं. भाऊ जिवंत आहे आणि असा आहे, हे तिला कळलं असतं तर सून दुसऱ्या दिवशी माहेरी आली असती. एकाहत्तरच्या जत्रेला मात्र दुसऱ्या फटफटीवाल्याचा हात मोडला आणि शेठनी ऐकलं नाही. भटू म्हणाला, "तिले लांबथीनच देखी लिसू."

लांबून कसलं! कुव्यात एक रीत असते. लोक कठड्यावरून नोट पुढे धरतात आणि फटफटीवाला भरवेगात वर येऊन ती हातातून ओढून नेतो. त्या दुपारी कठडा गच्च भरला होता. मी भोंग्यावर पिअरची नटी बायको रंगवत होतो. एका बाईने रुपयाची नोट धरली होती, शेजारी तिची सासू होती. भटू वर आला, नोटेला हात घातला, आणि नोट न घेताच पुढे गेला. पुढच्या फेऱ्याला फटफटी डगमगली आणि तो खाली आदळला. फटफटी त्याच्या अंगावर पडली.

चष्मा उडून गेला होता. सगळा कठडा ओरडत होता. अशा वेळी आपल्या माणसाच्या तोंडून "माय वं" आल्याशिवाय राहत नाही. भटूने दात आवळून धरले. ओठांतून रक्त आलं, आवाज आला नाही. वर नोट धरणारी ती बाई तेवढी पदर तोंडात कोंबून उभी होती.

दवाखान्यात आम्ही दोघंच होतो, तेव्हा तो बोलला. "मंदा व्हती. बोटेसले मेंदी लायेल व्हती. मेंदीखाल डाग शे रे, लीलाधर. तिले बी उठना." थोड्या वेळाने म्हणाला, "मी तव्हय तापीमा फुकटज मरनू."

दिवस मावळायच्या आत तो गेला. पांझरेच्या काठी आम्ही त्याला अग्नी दिला. बघ्यांतल्या एकाने विचारलंसुद्धा, "फिरंग्याला पुरतात ना?"

दुसऱ्या दिवशी कुव्याच्या फळ्या उतरवत असताना त्या दोघी आल्या. देवीला निघाल्या होत्या. वच्छलाबाईंना खरंच हळहळ वाटत होती. "कसा राजबिंडा होता! कोण्या माउलीचं लेकरू, आपल्या देशात येऊन मेलं," त्या म्हणाल्या. मंदाबाईने खालीच बघत मला विचारलं, "भाऊ, जाताना काही बोलना का तो?"

तिचे दोन्ही हात पदराखाली होते. सासू माझ्या तोंडाकडे बघत होती. भटूने दात आवळून जे राखलं, ते मी कसं उघडं पाडणार?

"नाही, ताई," मी म्हणालो. "त्याला आपली भाषा येत नव्हती."

तिने मान हलवली. सासूने ऊन चढतंय म्हणून घाई केली, आणि ती हात तसेच पदराखाली धरून तिच्या मागे चालू लागली.