रमणभाईच्या छातीत नळी गेलीच नव्हती

रमणभाईच्या बायकोचा, मंजुवहिनींचा फोन आला तेव्हा मी पुरुषोत्तमनगरला, कारखान्याच्या फाटकाशी चहा पीत होतो. "भाऊ, तुमना दोस्त गया..." एवढंच बोलल्या. रमणभाईनं आणि मी त्याच कारखान्यात नोकरी केली. एका डब्यात जेवलो, एकमेकांना यथेच्छ शिव्या दिल्या.

दहाव्याला तापीच्या काठावर जो तो एकच सांगत होता, "नळीनी मारं त्याले." माझं डोकंच फिरलं. अरे, नळी त्याच्या छातीपर्यंत पोहोचली असती तर रडणं कशाचं होतं!

खोकला महिनोन् महिने हटत नव्हता. एक्स-रेत डाग दिसला. सुरतेच्या डॉक्टरांनी सांगितलं, ब्रॉन्कोस्कोपी करू. दुर्बिणीची नळी आत घालून तुकडा काढू, म्हणजे टीबी की गाठ ते कळेल. तारीख दिली आणि वर एवढंच, "उपाशी या." का, ते कोणी सांगितलं नाही.

आता त्या घरातून मोठ्या कामाला कोणी दही-साखर घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही. निघताना रमणभाईनंच हात पुढे केला, वहिनींनी दोन चमचे घातले. ते जेवण थोडंच होतं? तो शकुन होता! दवाखान्यात नर्सनं विचारलं, तर हा हरिश्चंद्राचा अवतार म्हणतो, "काहीच नई खादं. फक्त दही-साखर." तपासणी रद्द.

सोबत मी होतो. मी भडकलो, तेव्हा कुठे डॉक्टर बोलले. घशात औषध मारून तो बधिर करतात, गुंगीचं औषध देतात. अशा वेळी पोटातलं वर आलं तर थेट फुफ्फुसात उतरतं. नळी बारीक असते, नाकातून किंवा तोंडातून जाते, खोकला येतो, पण श्वास चालू राहतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायच्या. नंतर घसा जागा होईपर्यंत पाणीही प्यायचं नाही, आणि थुंकीत थोडं रक्त दिसलं तर घाबरायचं नाही, जास्त आलं तर मात्र लगेच यायचं. मी विचारलं, "हे आधी सांगायला जीभ झडली होती का?" त्यांनी पुढची तारीख लिहून दिली.

परतताना रमणभाई म्हणाला, "देवना मनमा नई शे." त्यात गावातले शहाणे भेटले, "नळी गयी का रोग भडकस." एकानंही कधी नळी पाहिली नव्हती! मी भांडलो, हातापाया पडलो. तो हसायचा, खोकायचा... शेवटी रक्त पडायला लागलं तेव्हा नेला. गाठच होती, सगळीकडे पसरलेली. आता तपासून उपयोग नाही, म्हणाले.

मला राग त्या डॉक्टरांचा आहे, गावाचा आहे, आणि रमणभाई, तुझाही आहे. मेलास तो मेलास, वर बिचाऱ्या नळीला बदनाम करून गेलास. आता इथला कोणता खोकणारा माणूस तपासणीला जाईल?

परवा वहिनींकडे जेवायला बसलो होतो. ताट वाढता वाढता त्यांनी एकदम विचारलं, "भाऊ, मन्हा दोन चमचा दहीमुये गया का तुमना दोस्त?"

"नाही!" मी जवळजवळ ओरडलोच. "ज्यांनी सांगायचं ते बोलले नाहीत, म्हणून गेला. वाढा मला दही. वाटीभर वाढा."

त्यांनी ताट माझ्यापुढे सरकवलं.

"घरमा दही नई शे, भाऊ. आते लावतच नई मी."

दारात दोन दुभत्या म्हशी बांधलेल्या आहेत.