कर्नल वाळवेकरांच्या सत्काराचं हळदीकुंकू

२५ जानेवारी २०२४ रोजी रात्री आठच्या सुमारास छायाबाई मोगल यांच्या हातावर आगाऊ चार हजार तीनशे पन्नास रुपये पडले. पंचवटीत भाजीबाजाराच्या तोंडाशी छायाबाईंचं फुलांचं दुकान आहे. पैसे द्यायला माजी नगरसेविका रोशनीताई स्वतः आल्या होत्या. गुलाबाचा एक मोठा हार, अकरा लहान हार आणि हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांसाठी गजरे, अशी त्यांची ऑर्डर होती.

"मोठा हार कोणाला?" छायाबाईंनी विचारलं.

"कर्नल वाळवेकरांना. ऐकलं नाहीत का? राष्ट्रीय सन्मानाची यादी आत्ताच आली. स्त्रियांच्या सक्षमीकरणासाठी मिळालाय. आपल्या नाशिकचा माणूस, म्हटलं पहिला सत्कार आपलाच झाला पाहिजे."

छायाबाईंनी नोटा कमरेच्या पिशवीत सरकवल्या. रोशनीताईंना आणखी काही आठवलं.

"आणि तुम्हीही स्टेजवर यायचं बरं का. यंदा एकल महिलांनाही हळदीकुंकू लावतोय आपण. विधवा हा शब्दच नको. तुमचे मिस्टर फौजेत होते ना? मग तर तुम्ही नाव घ्यायचंच. साहेबांना किती बरं वाटेल."

"येते की," छायाबाई म्हणाल्या.

शेजारी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसलेल्या नवसाबाई हे सगळं ऐकत होत्या. सायखेड्याची ही म्हातारी छायाबाईंची मावशी नव्हे की कोणी नव्हे, पण बारा वर्षं शेजारी बसून तिला सगळं ठाऊक झालं होतं. रोशनीताईंची गाडी वळताच ती म्हणाली, "त्याच्या गळ्यात तू हार घालणार? इख कालव त्यात."

"विखानं माणूस एकदाच मरतो, मावशी."

छायाबाईंचे यजमान गोरक्ष लष्करात नाईक होते. वीस वर्षांपूर्वी हे जोडपं सरहद्दीजवळच्या एका ठाण्यात क्वार्टरमध्ये राहत होतं आणि वाळवेकर त्या तुकडीचे प्रमुख होते. जवानांच्या बायकांसाठी तिथं शिवणवर्ग चाले. एका दुपारी निरोप आला की मोठे साहेब वर्गाची पाहणी करणार आहेत, तुम्ही थांबा. बाकीच्या बायकांना घरी पाठवलं होतं, हे छायाबाईंना आत गेल्यावर कळलं. गोरक्ष तेव्हा तीनशे किलोमीटरवर ड्यूटीवर होते.

त्या ओरडल्या, हाताला लागलेली कात्री उगारली, फाटक्या साडीनिशी बाहेर पळाल्या आणि दुसऱ्याच दिवशी तक्रार दिली. तीन अधिकाऱ्यांची चौकशी बसली. साहेबांच्या अर्दलीने सांगितलं की त्या दुपारी साहेब ऑफिसात होते. निकालात एक वाक्य होतं: सदर महिलेचे कथन विश्वासार्ह वाटत नाही. गोरक्ष परत आले आणि साहेबांच्या दारात जाऊन त्यांनी जाब विचारला. तो बेशिस्तपणा ठरला. पेन्शन पदरात पडण्याआधीच त्यांना घरी पाठवण्यात आलं.

गावात लोकांनी दोघांनाही सोडलं नाही. टाळी एका हाताने वाजते का, असं सख्ख्या जावेने विचारलं. गोरक्षांनी मात्र बायकोला आयुष्यात एकदाही विचारलं नाही की हे खरं का. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवर वॉचमनकी करता करता ते गेले. तोवर वाळवेकर निवृत्त होऊन नाशिकला स्थायिक झाले होते आणि त्यांनी मुलींसाठी सैन्यभरतीची अकादमी काढली होती. सॅल्यूट ठोकणाऱ्या मुलींच्या मध्ये त्यांचा फोटो असलेलं होर्डिंग दिंडोरी रोडला लागलं, तेव्हापासून छायाबाई त्या रस्त्याने जात नसत.

सन्मानाची बातमी आल्यापासून मात्र त्या मुद्दाम त्याच रस्त्याने जाऊ लागल्या. होर्डिंगखाली थांबून चेहरा नीट पाहून घेत. दुकानात दोरा ओवताना त्यांचे ओठ हलत. नवसाबाईंना वाटलं, बाई जपाला लागली.

हळदीकुंकू फेब्रुवारीतल्या एका रविवारी होतं. मैदानभर मांडव, हजारभर बायका, प्रत्येकीला वाण म्हणून स्टीलचा डबा आणि डब्यावर कर्नलसाहेबांचा फोटो. साहेब सपत्नीक आले. छायाबाईंनी ओवलेला हार रोशनीताईंनी त्यांच्या गळ्यात घातला. मग एकल महिलांना एकेक करून वर बोलावलं. छायाबाई समोर आल्या तेव्हा साहेबांनी हात जोडले आणि ओळखीची खूणही न दाखवता हसले. सोंग नव्हतं ते. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं.

रोशनीताईंनी माईक दिला. "घ्या नाव, छायाताई. लाजू नका."

छायाबाई लाजल्या नाहीत.

"भरल्या मांडवात माईक दिला हाती,
गोरक्षरावांचं नाव घेते, ऐका त्यांची कीर्ती."

टाळ्या पडल्या. कोणीतरी म्हणालं, आणखी एक होऊ द्या. त्यांनी कर्नलकडे तोंड फिरवलं.

"शिवणवर्गाच्या खोलीची आतून लावली कडी,
कर्नल वाळवेकरांनी फाडली माझ्या अंगावरची साडी."

मागच्या रांगांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगा गप्प झाल्या आणि ती शांतता रांगारांगांनी मागे सरकत गेली. रोशनीताई माईककडे झेपावल्या. तेवढ्यात पहिल्या रांगेतून नवसाबाई उठल्या.

"ए ताई, नाव घेतीय ती. बाई नाव घेत असली की मधी हात घालायचा नसतो. तुझ्या आईनं शिकवलं नाय का?"

"मावशी, अहो हे नाव घेणं नाहीये."

"मग काय हाय? कर्नलचं नाव घेतलं की तिनं. घेऊ दे. आमी ऐकतोय."

"घेऊ दे," दुसऱ्या बाजूने आवाज आला. मग चारपाच ठिकाणांहून आला. साउंडवाल्याने बटणावर नेलेला हात काढून घेतला. इतक्या बायकांच्या तोंडाला कोण लागणार?

"चौकशीला बसले तीन साहेब, पुढ्यात चहा-खारी,
म्हणाले ही बाईच खोटी, साहेबांची अब्रू भारी."

कर्नल उभे राहिले. आता त्यांना आठवलं होतं, आणि आठवल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसलं. छायाबाईंना तेच पाहायचं होतं.

"हार मी ओवला, पैसे मोजून घेतले, घातला ना गळ्यात?
सन्मान घ्या कर्नलसाहेब, पण बघा माझ्या डोळ्यात."

त्यांनी पाहिलं नाही. हार काढून खुर्चीवर ठेवला आणि बायकोला म्हणाले, "चला." वाळवेकरबाईंनी ओटीतला नारळ त्याच खुर्चीवर ठेवला, त्यांच्यापुढे चालत मांडवाबाहेर गेल्या आणि रस्त्यावरची रिक्षा करून एकट्या निघून गेल्या.

पुढे व्हायचं ते झालं. व्हिडिओ मोबाइलवर फिरला. टीव्हीवर पक्षांचे प्रवक्ते भांडले. एक म्हणे सन्मान काढून घ्या, दुसरा म्हणे हा सैन्याचा अपमान आहे. विरोधी पक्षाचा ललित नावाचा कार्यकर्ता पुष्पगुच्छ घेऊन फुलांच्या दुकानात आला.

"ताई, आमच्या मोर्चात पुढे चला. तुमची लढाई आता आमची."

"तुमच्या आमदारांनीच त्या अकादमीचा नारळ फोडला होता ना?"

"ते जुनं झालं, ताई."

"माझं तर त्याहून जुनं आहे. तो गुच्छ इथं ठेवू नका, गिऱ्हाईक म्हणेल शिळी फुलं विकते."

सन्मान काही कोणी काढून घेतला नाही. कर्नल दिल्लीला गेले, टाळ्यांत तो स्वीकारून आले. छायाबाईंनी ते दुकानातल्या मोबाइलवर पाहिलं. पण अकादमीतून निम्म्याहून अधिक मुलींना बापांनी काढून नेलं, आणि नाशकात कर्नलना पुन्हा कोणी व्यासपीठावर बोलावलं नाही. तेव्हा कर्नलनी छायाबाईंवर बदनामीचा खटला भरला.

समन्स आलं त्या दिवशी नवसाबाईंनी भाजी आवरायला घेतली. छायाबाईंनी मात्र अर्धा किलो पेढे आणले.

"बाई, तुझं डोकं फिरलं का?"

"वीस वर्षं मी याला कोर्टात उभा करायला बघत होते, मावशी. आता तो आपल्या पायानं आलाय. फिर्यादी तो आहे. उलटतपासणी त्याची होणार."

हे कर्नलच्याही थोडं उशिरा ध्यानात आलं. मग रोशनीताई निरोप घेऊन आल्या: छायाबाईंनी नुसती दिलगिरी लिहून द्यावी, साहेब खटला मागे घेतील.

"मागे घेऊ नका म्हणावं," छायाबाई म्हणाल्या. "मागे घेतला तर लोक म्हणतील, बाई खरं बोलत होती. आणि चालवला तर मी आहेच समोर."

गेल्या तारखेला जिल्हा न्यायालयात कर्नलची उलटतपासणी सुरू झाली. छायाबाईंच्या वकील तेजस्विनी शिरसाठ यांनी विचारलं, बाकीच्या बायकांना घरी पाठवल्यावर तुम्ही शिवणवर्गात कशासाठी गेला होता? कर्नल म्हणाले, पाहणीसाठी. वकिलीणबाईंनी चौकशीतला अर्दलीचा जबाब त्यांच्या हाती दिला: साहेब त्या दुपारी ऑफिसात होते. यातलं खरं कोणतं? कर्नलनी पाणी मागितलं. मग म्हणाले, आठवत नाही. न्यायाधीशांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. छायाबाई कर्नलच्या नजरेसमोर येईल अशा बाकावर बसल्या होत्या आणि त्यांनी क्षणभरही मान खाली घातली नाही. बाहेर आल्यावर त्यांनी वकिलीणबाईंना एवढंच विचारलं, "अजून किती तारखा त्याला यावं लागेल?"

"बऱ्याच."

"चालेल."

पुढची तारीख चौदा तारखेची आहे. कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याचे एकशे चाळीस रुपये द्यायचे राहिले आहेत.