कमलाबाईंचे अश्रू

अपिलाच्या फायली वाचणाऱ्याकडे किस्से साचतातच. नागपूरच्या बाल न्याय मंडळाने अल्पवयीन पोरांविरुद्ध निकाल दिला, की सत्र न्यायालयात अपील होतं. ती अपिलं लढवणं हे माझं काम. अपिलात सहसा साक्षीदार कोणी बघत नाही, बघायचा तो त्याचा कागद!

*

आता हा कागद कसा तयार होतो ते ऐका.

कधीकधी मी मंडळासमोरही उभी राहते. तिथे कन्हानच्या एका काकांना उलटतपासणीत मी म्हटलं, "तुम्ही खोटं सांगताय." काका उखडले. माझी सनद, माझा काळा कोट, माझ्या सात पिढ्या, सगळ्यांचा उद्धार तीन मिनिटं चालला होता.

स्टेनो वानखेडेंनी शांतपणे टाइप केलं, "मी खोटे सांगत आहे, हे म्हणणे खरे नाही." अपिलात तेवढंच वाचलं गेलं आणि काका संयमी साक्षीदार ठरले!

*

एकदा एकाच आठवड्यात दोन निकाल हातात आले. एकात साक्षीदार घाबरला, म्हणून खोटा. दुसऱ्यात अजिबात घाबरला नाही, म्हणून पढवलेला.

आमचे सीनियर काळेसर बार रूममध्ये चहा पीत म्हणाले, "साक्षीदारानं किती घाबराचं, त्याचं माप काढून द्या म्हणा!"

*

अपिलाच्या जजसाहेबांचं एकच पालुपद. "मंडळाने साक्षीदार डोळ्यांनी पाहिलाय, मी नाही."

काळेसरांनी एकदा साक्षीदार कसा चाचरला असेल, ते अर्धा तास हातवारे करून दाखवलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "तुमची साक्ष छान झाली. आता साक्षीदाराची वाचू का?"

*

मग भिवापूरच्या पोराची फाइल माझ्याकडे आली. कायद्याने नाव सांगता येत नाही, चेतन म्हणू. बाजारातून एका व्यापाऱ्याची मोपेड पळवल्याचा आरोप होता. पुरावा एकच, कमलाबाईंची साक्ष. "पळवणारा तो हाच."

मंडळाने लिहिलं होतं, "साक्ष देताना साक्षीदाराचे अश्रू थांबत नव्हते. सबब साक्ष विश्वासार्ह आहे. बालकाच्या चेहऱ्यावर मात्र पश्चात्ताप दिसला नाही." एक वर्ष सुधारगृह! पोराची दहावी त्यातच बुडणार होती.

अश्रूंची उलटतपासणी कशी करायची? तीनदा फाइल वाचून मीच रडकुंडीला आले.

*

काळेसर मूळचे भिवापूरचे. कमलाबाईंच्या साक्षीतल्या एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. "मी मिरचीची देठे खुडून कामावरून थेट आले."

"अवं पोरी, माझी माय हेच काम करे. रोज रडतच घरी ये. आमाले लहानपणी वाटे, रस्त्यात कोणी मारते का काय हिले!"

ती ओळ मी तीनदा वाचून सोडली होती. मला माझीच लाज वाटली.

*

कमलाबाईंची साक्ष पुन्हा घ्यावी, असा अर्ज मी केला. साहेबांनी तो मंजूर केला आणि बाईंना बोलावलं. बाई आल्या त्या पदर डोळ्यांना लावूनच.

"का रडताय?" साहेबांनी विचारलं.

"रडून नाही राहिली साहेब. मिरची खुडून आली."

"मग मंडळासमोर?"

"तवाबी मिरचीच होती."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मोपेड नेणाऱ्याचा चेहरा पाहिला होता?"

"नाही जी, पाठमोरा पाहिला. पोलीस म्हणले हाच हाय. मी म्हटलं, असन."

"मंडळात हे का नाही सांगितलं?"

"कोणी इचारलंच नाही. समदे मले पाणी देऊन राहिले होते!"

*

निकालाच्या दिवशी चेतनला सुधारगृहाच्या गाडीतून थेट कोर्टात आणलं. पोरगा नेहमीसारखाच, चेहऱ्यावर काही नाही. "अपील मंजूर. बालकाला मुक्त करा," साहेब म्हणाले आणि त्याच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

वानखेडे आता बदलीवर याच कोर्टात आलेत. त्यांची बोटं सवयीने कीबोर्डवर गेली. "सर, बालक रडून राहिलं. घेऊ का रेकॉर्डवर?"

"आधी त्याला विचारा, का रडतोय."

चेतनने बाहीने तोंड पुसलं.

"काही नाही साहेब. मिरची गेली डोळ्यात."