खाटेवरून उतरलेली म्हातारी

चांद्याच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला आलेल्या गोकुळेला तिसरं वर्ष लागलं होतं. पहिल्या वर्षी ती रोग्यांबरोबर रडायची. आता चादरीला सुरकुती राहू देत नसे, आणि संध्याकाळपर्यंत पाय दगडासारखे जड होत.

त्या संध्याकाळी मोठ्या सिस्टर वॉर्ड तपासायला येणार होत्या. आता पुन्हा रोगी फरशीवर दिसला तर घरी पाठवीन, असं त्यांनी बजावलं होतं. आणि धानोऱ्याकडची आशाबाई, तापानं फणफणलेली म्हातारी, तिसऱ्यांदा खाटेवरून उतरून फरशीवर निजली होती.

"कितीदा सांगू, माय? वर निज ना!" गोकुळा खेकसली.

"तू कोनाची पोर व?"

"मुखरू ढिवराची. तिकडचीच मी."

"मंग तुले मालूम नाई? मानसानं बाजेवर जीव सोडू नाई. मले काऊन वर टाकून राह्यली?"

गोकुळेचा हात थांबला. घरी स्वतःच्या आजीला शेवटच्या घटकेला बाजेवरून भुईवर घेतलं, तेव्हा तिचे पाय गोकुळेनंच धरले होते. तरी गेले तीन दिवस तिला आशाबाईचा हा नुसता हट्ट वाटत होता.

तिनं खाटेवरची गादी ओढून फरशीवर टाकली, म्हातारीला त्या गादीवर घेतलं, कपाळावर ओली पट्टी ठेवली.

"एवढ्यात मरत नाई तू. पण निज इथीच."

दाराशी सिस्टरांचे बूट वाजले. उठून उभं राहायला हवं होतं. पण म्हातारीनं तिचं बोट घट्ट धरलं होतं, आणि पायही फार दुखत होते. गोकुळा बसून राहिली.