वारुळाला लावलेलं कुंकू

पद्मनाभ आमच्या प्रयोगशाळेचा ड्रायव्हर. निपाणीचा माणूस, पण बेंगळुरूत इतका मुरलेला की मराठीतही दर वाक्याला एक कानडी ‘स्वल्प’, म्हणजे ‘जरा’, असायचाच. कोविडच्या दुसऱ्या लाटेत त्याचा एकुलता एक मुलगा रघुनंदन काळ्या बुरशीने गेला. तेव्हापासून त्याचा जीव आम्ही अभ्यासत होतो त्या वारुळात अडकला.

सर्जापूर रोडवरच्या एका रिकाम्या प्लॉटवर ते वारूळ होतं. वाळवी आत बुरशीची बाग लावते आणि तीच खाते. बागेत परकी बुरशी शिरू नये म्हणून काही जिवाणू तिच्या सोबतीला असतात. इथल्या एका जिवाणूचा रस आमच्या काचेच्या बशीत काळी बुरशी रोखायचा.

“औषध व्हायला फार वर्षं लागतात, झालं तर,” मी सांगायचे.

“लागू देत की मॅडम. दुसऱ्या कुणाचं पोरगं तरी वाचंल.”

मग बशीतल्या जिवाणूने रस देणंच बंद केलं. इतर वारुळांत तो सापडला नव्हता. पावसात उकरलं तर आत पाणी जाईल, म्हणून पाऊस सरला की इथूनच पुन्हा आणायचा, असं ठरलं. तेवढ्यात प्लॉटवर जेसीबी आला.

पद्मनाभने कुणाला न विचारता वारुळाला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. जेसीबीवाल्याने लांबूनच हात जोडले आणि यंत्र वळवलं. त्या दिवशी पद्मनाभ हसला. मुलगा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

पण देव बसवणं सोपं, उठवणं कुणाच्या बापाला जमलंय? बायका दूध ओतू लागल्या. हा रोज संध्याकाळी जाऊन विनवायचा, “अक्का, स्वल्प लांबून.” देवाला कुणी लांबून दूध घालतं का? नागपंचमीपर्यंत माती आंबून वास मारू लागली. मग प्लॉटच्या मालकानेही पुण्य पदरात पाडून घेतलं. भोवती फरशी घातली, वर पत्रा टाकला, पुजारी नेमला.

पाऊस सरल्यावर पुजाऱ्याची मनधरणी करून आम्ही मागून उकरलं. बाग हिरव्या बुरशीने भरली होती. एकही वाळवी जिवंत नव्हती.

पद्मनाभ ढेकूळ हातात घेऊन बसून राहिला. “हितं पण बुरशीच, मॅडम,” म्हणाला. “आन् मीच आणली.” मला रडू आवरेना.

तेवढ्यात पुढच्या बाजूने एक बाई आली. कडेवर तापाने मलूल झालेलं पोर, हातात दुधाची वाटी. तिने कानडीत विचारलं, “अण्णा, हा देव पावतो ना?”

त्याने मातीचे हात पँटला पुसले.

“पावतो, अक्का,” तो तिच्याच भाषेत म्हणाला. “पण पोराला आधी दवाखान्यात न्या. चला, गाडी आहे.”