पिंपरीनंतरची गोष्ट

माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे एका पंक्चरवाल्यावर येऊन अडलं होतं. हसू नका. म्हणजे हसा हवं तर, आता मलाही हसू येतं, पण त्या रविवारी आकुर्डीच्या त्या गच्चीवर माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आधी नीट सांगते, नाहीतर माझा मुलगा म्हणतो तसं तुम्हीही म्हणाल, आई, तू नेहमी मधूनच सुरू करतेस.

रेडिओवर एक गृहस्थ रात्री गोष्ट सांगायचे. कुणी उशाशी बसून बोलावं तसा आवाज, कधी घाई नाही. सेकंड शिफ्ट सुटायच्या सुमाराला गोष्ट सुरू व्हायची आणि मध्यरात्र उलटली की संपायची. आमचे हे चाकणला एका कंपनीत होते. कंपनीची बस चाकणहून निघाली की मोशी, भोसरी, पिंपरी, काळेवाडी अशी एकेकाला उतरवत यायची आणि शेवटी रहाटणीला आमच्या घराजवळ रिकामी व्हायची. हे सगळ्यात शेवटचे. बसच्या ड्रायव्हरला त्या गोष्टींचं भारी वेड, तो रोज तेच स्टेशन लावायचा. आणि इकडे घरी मी शिवणयंत्राशी बसून कुणाच्या साडीला फॉल लावत, कुणाच्या ब्लाउजला हुक लावत तेच ऐकायची. एकच गोष्ट, यांच्या कानात तिकडे, माझ्या कानात इकडे. आमचं दोघांचं मिळून असं जे काही होतं, ते एवढंच, असं मी धरून चालले होते.

कारण आमचे हे बोलायचे नाहीत. घुम्या माणूस. लातूरकडची माणसं बोलकी असतात म्हणे, मला मात्र त्यातलाच वेगळा नग मिळाला. दार उघडलं की मी आधी म्हणायची, "आधी पाय धुवा." कंपनीतलं ते ऑइल बुटांतून मोज्यांत आणि मोज्यांतून फरशीवर, किती पुसायचं माणसानं? पाय धुऊन ताटावर बसले की मी लगेच सुरू, "ऐकलीत का आजची? शेवट कसला केला हो." हे घास न थांबवता म्हणायचे, "राहू दे." बस्स. रोज तेच. मी किती दिवस मनाला लावून घेतलं. म्हटलं, याला माझ्या बोलण्याचा इतका कंटाळा? मग हळूहळू विचारायचं सोडलं, गोष्ट मात्र ऐकत राहिले.

हे गेले त्याला दोन वर्षं होतील. यांचा फोन मी बंद केलेला नाही. त्यात बसवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कोण रिटायर झालं, कुणाच्या नातवाचं बारसं, सगळं येत असतं आणि मी वाचत असते. त्या ग्रुपवर मेसेज आला की ते गोष्ट सांगणारे गृहस्थ वारले. त्याखाली रांगच लागली. एकानं लिहिलं, बायको बाळंतपणाला गेली होती तेव्हा रिकाम्या घरात त्या आवाजाची सोबत व्हायची. उत्तर प्रदेशातून आलेल्या एका वेल्डरनं लिहिलं, मराठी मी शाळेत नाही, त्या बसमध्ये शिकलो. वाचता वाचता माझे डोळे भरून आले, आणि मी विचार न करता टाइप केलं, "फार चांगला माणूस होता." पाठवल्यावर लक्षात आलं की मेसेज यांच्या नावानं गेलाय. दोन वर्षांपूर्वी गेलेला माणूस ग्रुपवर हळहळतोय. मग एकानं भीत भीत विचारलं, "वहिनी का?"

तर असं ठरलं की रविवारी दुपारी सगळ्यांनी भेटायचं, आठवणी काढायच्या. आकुर्डीला एकाच्या गच्चीवर मंडप टाकला होता. वहिनी, तुम्ही यायलाच पाहिजे.

इथे मला एक सांगितलं पाहिजे. त्याच आठवड्यात माझ्या मुलानं मंगळवारची डॉक्टरची वेळ घेतली होती. विसरण्यावरच्या डॉक्टरची. झालं असं की मी शेजारणीचा ब्लाउज तिच्या जावेच्या मापाचा बेतला. दुधाखाली गॅस तसाच ठेवून खाली भाजी आणायला गेले. हे काय कुणाचं होत नाही? पण माझ्या आईचं शेवटी असंच झालं होतं. आधी मीठ दोनदा पडायला लागलं, आणि मग एक दिवस तिनं मला विचारलं, "बाई, तुम्ही कुणाच्या?" ते वाक्य मी जन्मात विसरणार नाही, आणि तेही विसरले तर काय, याच भीतीनं माझी झोप उडाली होती. मुलाला मी ठणकावून सांगितलं होतं, मला काही झालेलं नाही, मला त्या रेडिओवरच्या गोष्टीसुद्धा शेवटापर्यंत पाठ आहेत.

गच्चीवर पुरी-भाजी झाली, चहा आला. मंडळी रंगात होती. मग कुणीतरी पंक्चरवाल्याची गोष्ट काढली आणि सगळे एकदम "व्वा" म्हणाले. गोष्ट अशी. घाटात एक पंक्चरवाला असतो. रात्री त्याच्या टपरीवर एक माणूस येतो, म्हणतो, गाडी बसलीय, थोडं पुढं उभी आहे. हा जॅक खांद्यावर घेतो आणि निघतो. एक वळण जातं, गाडी नाही. "अजून थोडं पुढं." दुसरं वळण. "आलंच, अजून थोडं पुढं." मागे टपरीचा दिवा बारीक होत जातो आणि हा चालतोय.

"आणि मग तो घरी येतो," एक जण म्हणाला. "काय शेवट होता राव."

मी म्हटलं, "घरी कुठला येतो? तो जातो तो जातोच. सकाळी टपरीचा दिवा चालू असतो, हवेची नळी फुसफुसत पडलेली असते आणि त्याच्या बायकोला लोक सांगतात, थोडं पुढं गेलाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "नाही वहिनी, येतो तो. जॅक रस्त्यात ठेवतो आणि म्हणतो, आता गाडीच इकडं आणा."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी म्हणजे? रेडिओवर ऐकलंय. या कानांनी."

"मी या हातांनी फॉल लावत ऐकलंय. रडले होते मी त्या दिवशी, सुई बोटात गेली होती."

वेल्डर म्हणाला, "जॅक ठेवला होता, वहिनी." मोशीचा म्हणाला तेच, भोसरीचा म्हणाला तेच. मी इरेला पेटले. म्हटलं, बरं, दुसरी काढा. दुसरी काढली, ती हरवलेल्या बैलजोडीची. माझ्या आठवणीत बैल सापडत नाहीत, या बसवाल्यांच्या आठवणीत सापडतात. तिसरी काढली, विहिरीत उतरलेल्या माणसाची. माझा खालीच राहतो, त्यांचा वर येतो. आणि सगळे एकमुखानं. एखादा तरी चुकला असता तर मी त्याला धरलं असतं. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, इथे तर त्याहून जास्त मुखं होती आणि माझ्या बाजूनं मी एकटी.

मग मी गप्प झाले. माझा स्वभाव गप्प बसायचा नाही, त्यामुळे सगळेच घाबरले असावेत. कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या वहिनी, होतं असं, वय झालं की." ते बोलणं मला इतकं लागलं. सगळ्याच गोष्टी मी मनानं रचल्या की काय? सुई बोटात गेली होती का खरंच? आणि मग पुढचं डोक्यात आलं, ते वाईट होतं. गोष्टी जर मी मनानं रचल्या असतील, तर हे दारात उभे राहायचे, पाय धुवायचे, ताटावर बसायचे, त्यातलं तरी खरं किती? माझी आई शेवटी वडिलांबद्दल काय काय सांगायची, जे कधी घडलंच नव्हतं. मी पदर तोंडाला लावून बसले. मंगळवारी जायचंच, असं मनाशी ठरवून टाकलं.

तेवढ्यात ड्रायव्हर आला. मावळातला माणूस, आता शाळेची बस चालवतो, रविवारी लग्नाची वऱ्हाडं नेतो, म्हणून उशीर झालेला. सगळ्यांनी त्यालाच पंच केलं. "सांग, पंक्चरवाला घरी येतो का नाही?"

"येतो की," तो म्हणाला. माझा उरलासुरला धीरही सुटला. मग तो पुढे म्हणाला, "पर त्ये रेडिओवरचं न्हाई. त्ये भाऊंचं."

भाऊ म्हणजे आमचे हे. बसमध्ये यांना सगळे भाऊ म्हणायचे.

"पिंपरी सोडली की मी रेडिओ बंद करायचो," ड्रायव्हर म्हणाला. "गाडी रिकामी होत यायची आन् त्या बाबाच्या आवाजानं माझा डोळा लागायचा. एकदा काळेवाडीच्या पुलावर गाडी पार कठड्याला लागली व्हती. तवापासनं भाऊ पुढं येऊन माझ्याशेजारी बसायचे. मी म्हणायचो, भाऊ, तुमीच सांगा पुढची, म्हंजी मी जागा राहीन. मग भाऊ सांगायचे."

मग एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडत गेला, तो मला दिसत होता. मोशीचा माणूस मोशीला उतरायचा, गोष्ट तेव्हा कुठे रंगात आलेली. भोसरीचा भोसरीला. शेवट त्यांच्यातल्या कुणीच कधी रेडिओवर ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये चहाच्या वेळी ते यांना विचारायचे, भाऊ, पुढं काय झालं, आणि हे आदल्या रात्री ड्रायव्हरला जे सांगितलं तेच सांगायचे. इतकी वर्षं गेल्यावर कँटीन कुठलं आणि रेडिओ कुठला, कुणाला आठवणार? यांच्या तोंडून ऐकलेलंसुद्धा त्यांना त्या रेडिओवाल्याच्या आवाजातच आठवत होतं.

माझं डोकं शाबूत होतं. मला हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण त्याच्या मागोमाग राग आला. अहो, मला दिवसाला धड एक वाक्य मिळत नव्हतं आणि तिकडे हा माणूस बसभर गोष्टी वाटत होता? घरची उपाशी आणि बाहेर अन्नछत्र? मी तसं बोलूनही दाखवलं. म्हटलं, "मला का नाही सांगितल्या कधी?"

ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, पर शेवट एकच असायचा बगा समद्यांचा. पंक्चरवाला आसू द्या न्हाईतर राजा आसू द्या. माणूस भटकून भटकून घरी येतो, दार वाजवतो. आन् आतनं आवाज येतो."

"व्हय व्हय," मोशीचा म्हणाला. "आतनं बाई म्हणते..."

आणि सगळे एका सुरात म्हणाले, शाळेतली मुलं म्हणतात तसे, "आधी पाय धुवा."

ते हसले. त्यांना वाटत होतं, हा गमतीचा भाग आहे. मी कुणाला काही सांगितलं नाही. चहाचा कप हातात तसाच राहिला आणि मला रडू आलं. त्यांना वाटलं, यांच्या आठवणीनं. ते तसं खोटंही नव्हतं.

परत येताना ड्रायव्हरनंच मला त्याच्या बसमधून रहाटणीला सोडलं. मी पुढे त्याच्याशेजारी बसले. दुपार कलली होती, काळेवाडीच्या पुलावर गर्दी होती. माझ्या डोक्यात गोंधळ चालूच होता. त्या वेळी "राहू दे" म्हणायचे ते कंटाळ्यानं, की खरा शेवट कळला तर स्वतःचा मोडेल म्हणून? की आणखी काही? आता विचारायचं कुणाला. मला राहवेना. म्हटलं, निदान या माणसाला तरी खरं कळू दे. मी म्हटलं, "रेडिओवर त्या पंक्चरवाल्याचं काय झालं माहितेय का? तो..."

त्यानं स्टिअरिंगवरचा एक हात वर केला. "राहू द्या, वहिनी," तो म्हणाला. "आमचा पोचलाय घरी."

रहाटणीला त्यानं मला अगदी घरापुढे उतरवलं.

दार मुलानं उघडलं. मी सगळं सांगितलं, या खेपेला सुरुवातीपासून. तो म्हणाला, "म्हणजे तुझंच बरोबर होतं. मंगळवारची वेळ रद्द करू का?" मी म्हटलं, राहू दे, दाखवून येऊ, दुधाखालचा गॅस काही तुझ्या बाबांनी चालू ठेवला नव्हता.

"पण मग तो पंक्चरवाला येतो का नाही गं शेवटी?"

इतकी भांडून आले होते मी त्या शेवटासाठी. चपला काढल्या, मोरीकडे गेले आणि नळ सोडला.

"येतो," मी म्हटलं.